आठ दिवसांसाठी

१९७७ च्या निवडणुकीचा निकाल लागला, त्या संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रोजच्यासारख्याच म्हशी बांधल्या होत्या. दत्तोपंत मास्तरांचा उमेदवार पडला होता. बाळासो समोर बसून धार काढत होता, आणि मास्तर आपल्या ग्लासाची वाट बघत उभे होते.

"बाळासो, उद्यापासून माझा ग्लास दुसऱ्या कुणाला तरी दे. या देशात आता आपलं काही खरं नाही. आम्ही निघालो नेपाळला."

"आन् ह्या म्हशीबिगर करमंल व्हय तुमास्नी?"

"आठ दिवसांत परत येतो की. हे सरकार टिकतंय कुठं?"

सगळा कट्टा हसला. गांधीनगरचे कापडवाले टेकचंदशेठ तेवढे हसले नाहीत. फाळणीत सिंधमधून निघून ते इकडं आले होते.

"मास्तर, जाणार आसशीला तर म्हैस संगं घिऊन जावा," ते म्हणाले. "आमी बी असंच हसत निघालतो. आठ दिवसांत येतो म्हणून म्हैस शेजाऱ्याच्या दारात बांधली."

बाळासोचा हात थांबला. "दुभती हुती?"

"न्हाय, गाभण हुती. त्याच आठवड्यात व्याली आसंल."

शेठनी भरलेला ग्लास तसाच कट्ट्यावर ठेवला.

"तीस वर्सं झाली. रेडी झाली का रेडा, अजून कळलं न्हाय."