मेल्या पिल्लाचं कातडं

"उंटाचंच भावंड आहे, मावशी. फक्त मदार नाही," प्राणिसंग्रहालयाचे डॉक्टर म्हणाले. दक्षिण अमेरिकेतल्या लामा या प्राण्याचं आईवेगळं पिल्लू गाईचं दूध ओकत होतं. उंटिणीचं दूध हा शेवटचा उपाय होता.

"भावंड? हे तर बकरीएवढं!" उंट पाळणारी पाबीबेन फणकारली. तिच्या उंटिणीचं पिल्लू परवाच मेलं होतं आणि उंटीण पान्हा सोडत नव्हती. पाबीबेननं मेल्या पिल्लाचं कातडं लामाच्या पिल्लावर पांघरलं, सडापर्यंत पोचावं म्हणून त्याला उचलून धरलं.

उंटिणीनं कातडं हुंगलं, चाटलं. सड भरू लागले. तेवढ्यात पिल्लू गुणगुणल्यासारखं हुंकारलं. उंटाचं पिल्लू असं बोलत नाही. उंटीण बाजूला सरली, ती सरलीच.

"फसली नाही माझी बाई!" पाबीबेन ताठ्यानं म्हणाली. पण पिल्लू तिचं कोरडं बोट चोखत होतं, आणि ते सोडवून घ्यायचा तिला धीर होईना.