मानवलेला श्वास

काचघराचं दार आजही उघडलं नाही. हौसाबाईंनी आतल्या फोनवरून पाठारेसाहेबांना विनवलं, "साहेब, लेकीचे दिवस भरत आलेत. आता तरी सोडा."

"मागे दोन दिवस गेलात, तर चहाच्या पानाची चव उतरली, बाई. खत, पाणी, उजेड, सगळं तेच होतं. या झाडांना तुमचाच श्वास मानवतो."

चहाच बिघडला तर मला कोण ठेवेल, असा विचार करून हौसाबाईंनी युरियाची तोटी पूर्ण सोडली. आठवड्यात झाडं हिरवीगार झाली, पण पान पाणचट निघालं.

काचेपलीकडे पाठारेसाहेबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. हौसाबाईंना हायसं वाटलं. तेवढ्यात झाडांवर नजर ठेवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर उपाय उमटला: श्वास कमी पडतो आहे, मुक्काम सहा महिने वाढवावा.

"आणि माझी लेक?"

"तिचं बाळंतपण इथंच करू," साहेब आपुलकीनं म्हणाले. "बाळाचा श्वास मानवतो का, तेही कळेल."

बाहेर गाडी थांबली. पोट सावरत रेवती उतरली आणि आईला बघून हसली. हौसाबाई काचेवर हात आपटत "येऊ नको" म्हणून ओरडत राहिल्या. दार उघडलं, ते तिला आत घेण्यापुरतंच.