पाचवी गोळी

चार गोळ्या एकाच भोकात आणि पाचवी चार बोटं खाली. सलग तिसऱ्या दिवशी.

हमीदनं रायफल खाली ठेवून दुर्बिणीतून निशाणाचा कागद पाहिला आणि मागे न वळताच हिंदीत विचारलं, "आज काय कमी पडलं, दत्ताराम? दारू की अक्कल?"

दत्ताराम वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचू लागला. बोलायची वेळ पहिल्या दिवशी होती आणि नेमकी तिथेच त्यानं माती खाल्ली होती. पाचवी गोळी पहिल्यांदा खाली गेली तेव्हा मालकाचा पडलेला चेहरा बघून हा आपला सवयीनं म्हणाला, "माफ करा बाबा, माझ्याकडूनच काडतुसात दारू कमीजास्त झाली असेल." चूक कुणाची का असेना, इथे ज्याला बाबा म्हणतात त्या मालकापुढे ती आपल्या अंगावर घ्यायची. बहारीनमध्ये बावीस वर्षं त्याचं असंच निभावलं होतं. या वेळी मात्र चूक अंगाला चिकटली ती चिकटलीच.

हमीदच्या शिकारीच्या रायफली सांभाळायच्या आणि त्यांची काडतुसं हातानं भरायची, हे त्याचं काम. जिदहफ्स भागातल्या गोदामामागच्या खोलीत दारू तोलायला बसला की तो एसी बंद करायचा, कारण झोतानं काटा हलतो. सप्टेंबरात इथे एसी बंद करून बसून दाखवा कुणीतरी. शर्ट पिळून काढावा लागे, पण दारूचा दाणा इकडचा तिकडे होत नसे. काल तर त्यानं उरलेली पंधरा काडतुसं सोडवून सगळी दारू परत तोलली. बरोबर होती.

मागच्या वर्षापर्यंत हमीदकडे मोठ्या काडतुसाची रायफल होती. तिच्या धक्क्यांनी त्याचा खांदा कामातून गेला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ती बंदूक बंद केली. म्हणून ही नवी, लहान काडतुसाची. हिला धक्का असा नाहीच. मित्र विचारायचे, किर्गिझस्तानला जाऊन ससे मारणार का? हमीद म्हणायचा, लहान गोळीसुद्धा जागेवर बसली तर शंभर किलोचा रानबोकड जागच्या जागी बसतो. खरंच होतं ते. पण इथे शंभर मीटरवर चार बोटं चुकली म्हणजे तिथे तीनशेवर वीतभर चुकणार. पाय मोडलेलं जनावर कुठल्यातरी कड्यात तीन दिवस तडफडणार. दत्तारामला ते नको होतं.

आणि स्वतःचंही होतंच की. त्याचा व्हिसा महिनाअखेर संपत होता. हमीदचा मॅनेजर अर्शद मुदतवाढीचा फॉर्म गाडीत ठेवूनच आज नेमबाजीच्या रेंजवर आला होता. आज जमलं तर सही, नाहीतर दत्तारामनं गाशा गुंडाळायचा. त्याचं एकट्याचं असतं तर गुंडाळलाही असता. पण पोरगी, श्रेया, बारावीला होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. "पप्पा, आय कान्ट चेंज स्कूल नाऊ," एवढं म्हणून तिनं काल दार लावून घेतलं होतं.

"पुन्हा पाच भर. शेवटची," हमीद म्हणाला.

दत्ताराम मॅगझिन घेऊन पाठमोरा झाला. पाचव्या जागी त्यानं खिशातलं काडतूस सरकवलं, मग त्याच्यावर चार खरी. खिशातलं काडतूस दिसायला इतरांसारखंच होतं, पण त्यात दारू नव्हती आणि बुडाची, ठिणगी पाडणारी टोपीही आधीच वाजवलेली होती. संगमेश्वरला शेताच्या राखणीसाठी त्याच्या बापाकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. पोराला शिकवताना बाप असंच करायचा. बार भरून देतो म्हणायचा आणि कधीतरी रिकामीच बंदूक हातात द्यायचा. वाजली तर आवाजात आणि धुरात काही कळत नाही. नाही वाजली तर माणूस काय करतो ते लख्ख दिसतं.

बापानं पोराला असं करणं वेगळं आणि नोकरानं मालकाला करणं वेगळं. तरी दत्तारामनं मॅगझिन पुढे केलं.

पहिली जागेवर. दुसरी, तिसरी, चौथी, तिन्ही त्याच भोकात. हमीदनं बोल्ट मागेपुढे केला, श्वास धरला, घोडा दाबला.

खट्ट.

ना बार, ना धक्का. तरी रायफलीचं तोंड हिसका बसून खाली गेलं होतं आणि हमीदचे डोळे गच्च मिटलेले होते. अर्शदनं ते पाहिलं आणि घाईघाईनं फोनमध्ये मान घातली.

"हे काय?" हमीदनं विचारलं.

"रिकामं होतं, बाबा. मीच घातलं." आता थांबून चालणार नव्हतं. "दारू पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. मी तेव्हा उगाच चूक कबूल केली. चारपर्यंत तुम्ही दम धरता. पाचव्या बाराला तुमचा खांदा जुन्या बंदुकीला घाबरतो."

बावीस वर्षांत त्यानं कुठल्याही मालकाला असं तोंडावर सांगितलं नव्हतं. हमीदनं रायफल बाकावर ठेवली. मग त्यानं डाव्या हातानं उजवा खांदा चोळला.

"अर्शद," तो म्हणाला, "व्हिसाचा फॉर्म घेऊन ये."

अर्शद गाडीकडे निघाला. संपलं, आता हा फॉर्म फाडणार, दत्तारामला वाटलं. श्रेयाला काय सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करू लागला. हमीदनं ते रिकामं काडतूस बाहेर काढलं, मॅगझिनही काढलं आणि दोन्ही बाकावरून त्याच्याकडे सरकवलं.

"किर्गिझस्तानला निघायला वीस दिवस आहेत. रोज भर," तो म्हणाला. "आणि रिकामं कितवं, ते मला सांगायचं नाही."