पहिलं आचाऱ्याचं
बोटीवर आचारी असलेला लिओनार्ड तापानं गेला. अंधेरीला त्याची ट्रंक आली, कंपनीच्या दोन ओळींच्या दुःखासह. ट्रंकेत बिडाचा, दोन झाकणांचा, चौकडीचा साचा होता. ‘घरी आलो, की सगळ्यांना नाश्त्याला वॉफल, म्हणजे चौकडीचं जाड घावन,’ तो लिहायचा. ट्रंक आल्यापासून त्याच्या आईनं पेजेलासुद्धा तोंड लावलं नव्हतं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून त्याची बायको बेटी हिनं नाचणीच्या पिठात अंडी फोडली आणि साचा चुलीवर ठेवला. “तव्याला काय धाड भरली होती?” म्हातारी भिंतीला म्हणाली. साचा उघडला, तर वॉफल फाटून दोन्हीकडे निम्मं-निम्मं चिकटलेलं. पहिलं घावन बिघडतंच. घरी असला, की ते लिओनार्ड उचलायचा. “पहिलं आचाऱ्याचं,” म्हणायचा. त्याच्या मुली ताटल्या धरून उभ्या होत्या. बेटीनं तुकडे खरवडले, पण टाकवेनात. म्हातारीनं ताटली पुढे केली. “आण गो इकडं. आचाऱ्याची आई आहे मी.”