उघडा व्हॉल्व्ह

टाकी काठोकाठ भरली होती आणि महाळुंग्याचे नळ कोरडे होते. व्हॉल्व्ह उघडणारं सॉफ्टवेअर पहाटेपासून गप्प होतं. ते विकणारी कंपनी कधीच बंद पडली होती. आतलं काही बदलायचं तर कुलूप त्या कंपनीचं आणि किल्ली कुणाकडेच नाही. हातानं फिरवायची चाकं गंजून बसली होती.

पाणीपुरवठा अधिकारी साहेबराव खिडकीशी उभे होते. बाहेर दाट धुकं. कामगारांच्या बस त्यातून उगवत आणि त्यातच विरून जात. फाटकाशी चाळीतली चतुराबाई कळशी घेऊन उभी होती.

"साहेब, पोरं पारोशीच शाळंत गेली. टाकी भरल्याली हाय म्हंता, मंग आमच्या नळाला का न्हाई?"

साहेबराव खिडकीपासून आत वळले.

त्यांच्या हाताखालची तरुण इंजिनिअर विजयश्री वर्षभर मागे लागली होती, मुक्त सॉफ्टवेअर घेऊ या म्हणून. कुणीही वापरावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं असं. दर वेळी साहेबराव हसून म्हणत, "बिनमालकाची वस्तू सरकारी कचेरीत कशी ठेवायची?"

आज ते हसले नाहीत. "लाव तुझं ते," म्हणाले.

तिनं लावलं. तरी व्हॉल्व्हची मोटर हलेना. तिनं अडचण इंटरनेटवर सगळ्यांसमोर मांडली. काही वेळानं कुठल्याशा डोंगरगावातून एकीनं उपाय लिहिला. परदेशातल्या एका निवृत्त मास्तरांनी त्यातली चूक दाखवली. तिसऱ्यानंच कुणी ती सुधारून पाठवली. पडद्यावर ओळी उमटत राहिल्या आणि साहेबराव स्वप्नात असल्यासारखे बघत राहिले. ज्यांनी महाळुंगे कधी पाहिलं नाही, त्यांना इथल्या तहानेचं काय पडलं होतं?

विजयश्रीनं सगळं तपासलं आणि बटण दाबलं. जमिनीखाली घरघर झाली. पाइप थरथरला. दूर चाळींकडून बायकांचा गलका ऐकू आला.

"यांना द्यायचं काय?" साहेबरावांनी हळूच विचारलं.

"काही नाही, सर. आपण काही सुधारलं तर तेही तिथंच ठेवायचं. ज्याला लागेल तो घेईल."

वरच्या कचेरीशी भांडून साहेबरावांनी ते सॉफ्टवेअर कायम करून घेतलं. मग स्वतःही शिकायला बसले. विजयश्री समजावून सांगे, ते पुन्हा पुन्हा विचारत.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी ते डबा उघडून बसले होते. विजयश्री रजेवर होती. पडद्यावर एक ओळ आली. कुठल्या तरी लांबच्या नगरपालिकेतून कुणीतरी लिहिलं होतं, "पंप चालू आहे, पाणी चढत नाही. लोक दारात उभे आहेत. कुणी आहे का?"

त्या गावाचं नाव साहेबरावांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी डबा बाजूला सारला, हात पुसले आणि एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत लिहिलं,

"आम्ही आहोत. सांगा."