दोन घनांचा घोडा

दुपारी निवांत ताणून देता यावी म्हणून गणिताच्या निवृत्त प्राध्यापकांनी दोन्ही नातींना कामाला लावलं. थोरलीने लाकडी ठोकळे रचून आठ बाय आठ बाय आठचा भरीव घन केला होता, धाकटीने सहाचा.

"आता सगळे ठोकळे मिळून एकच मोठा घन करा. एकही उरायला नको, एकही कमी पडायला नको. जमलं तर आजोबा घोडा होणार!"

दोन घनांचा मिळून तिसरा घन होऊच शकत नाही, हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. त्यांनी कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलं आणि खुशाल डोळे मिटले.

उठून बघतात तर काय, समोर नऊ बाय नऊ बाय नऊचा घन, कुठे फट नाही की खाच नाही! आजोबांच्या पायाखालची जमीनच सरकली. धाकटी हातवारे करून काहीतरी सांगत होती, पण उशाशी यंत्र सापडेना. शेवटी गणिताला हात जोडून बिचारे घोडा झाले.

"आजोबा, मधला एक ठोकळा कमी पडला, म्हणून तिथे तुमचं यंत्र बसवलंय!" पाठीवर बसूनही धाकटी बेंबीच्या देठापासून ओरडत होती.