जुनी स्प्रिंग

फिटरकाकांच्या मोटरसायकलचा साइड स्टँड महिनाभर रस्त्याला घासेल इतका लोंबत होता. उभ्या नोकरीत ज्यांच्या हातून एक नट सैल सुटला नाही, त्यांच्याच दारात ही अवकळा! रिटायर झाले म्हणून काय झालं? रविवारी त्यांनी अंगणात बैठक मारली, ढिली स्प्रिंग काढली आणि नवी सुतळीने ओढून बसवली. स्टँड खट्कन वर गेला आणि वरच राहिला. "आहे अजून हातात जोर," ते गाडीलाच म्हणाले.

सोमवारी नेहमीसारखी गावभर चक्कर मारून आले. सिग्नलला कोणी शेजारी येऊन खुणावलं नाही, पुलावर कोणी मागून ओरडलं नाही. दाराचं कुलूप काढायला गेले, आणि किल्ली तशीच खिशात टाकून मागे वळले. अंगणात पडलेली जुनी स्प्रिंग उचलली, परत बसवली आणि पुन्हा गाडी काढली.

कोपऱ्यावरच एक टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, स्टँड! पडाल ना!"

"बरं झालं बाबा सांगितलंस!" काका हसत म्हणाले.

दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द होते.